नाशिकला मोजत राहणारी माणसं हवी आहेत

डिसेंबर उलटला, उत्तरेकडचे वारे सुटले, की निफाडचा पारा राज्याची बातमी होतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात इतक्या अंशांची नोंद झाली, हे वाक्य आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. द्राक्षबागायतदार ते वाचतो आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या की ठिबक सुरू करायचं, ते ठरवतो. त्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही, कारण तो एकाच जागी, एकाच पद्धतीनं, सणवार न बघता रोज घेतलेला असतो. 'गेल्या दहा वर्षांतली सर्वांत कडाक्याची थंडी' असं आपण छातीठोकपणे म्हणू शकतो, ते या रोजच्या कंटाळवाण्या नोंदीमुळे.

त्याच तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. तिथं हिवाळ्यात येणारी तलवार बदकं वीस वर्षांपूर्वीपेक्षा कमी झाली का, असं कुणालाही विचारा. गावातला गाईड, वनरक्षक, जुना पक्षिमित्र, सगळे प्रामाणिकपणे सांगतील, 'कमी झाल्यासारखी वाटतात.' दारणाकाठचे बेडूक, दिंडोरीतल्या मधमाश्या, सुरगाण्यातल्या मोहाचा बहर, कशाबद्दलही विचारलं तरी बहुधा असंच उत्तर मिळतं. गंगापूर धरणाचा साठा आपल्याला रोज टक्क्यांत कळतो, लासलगावच्या कांद्याचा भाव क्विंटलमागे रुपयांत कळतो. आपल्या भोवतीच्या जित्याजागत्या सृष्टीचं काय चाललंय, हे मात्र अंदाजानंच बोललं जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. नाशिक जिल्ह्यात काही कायमच्या जागा ठरवाव्यात. तिथं ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या पद्धतीनं निदान तीस वर्षं मोजत राहाव्यात. आणि हे काम कुणा एका हौशी माणसाच्या उमेदीवर किंवा एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीवर न सोडता जिल्ह्यानं ते आपलं नित्याचं काम मानावं. याला दीर्घकालीन परिसंस्था संशोधन म्हणतात. अमेरिकेत अशा जागांचं जाळं १९८० पासून सरकारी पैशावर चालतं आहे, १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. भारतानंही २०१५ मध्ये, पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी, पश्चिम घाटापासून हिमालय आणि अंदमानपर्यंत अशा वेधशाळा उभारण्याची योजना जाहीर केली. ती राष्ट्रीय योजना आपल्या तालुक्यापर्यंत येण्याची वाट बघत बसायचं कारण नाही. जिल्ह्याला स्वतःचं जाळं विणता येईल.

हे का हवं, याचं सर्वांत बोलकं उत्तर गिधाडं देतात. नाशिकजवळचा बोरगड २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झाला. तिथल्या कड्यांवरची गिधाडं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात आज गिधाडांसाठी मेलेली जनावरं मुद्दाम ठेवली जातात. पण गिधाडं संपत चालली आहेत, हे देशाला मुळात कळलं कसं? भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या घरट्यांची मोजणी केली होती. त्या काळी गिधाड हा कुठंही दिसणारा पक्षी होता, त्याची काळजी करावी असं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. साडेतीनशेच्या वर जोड्या तिथं घरटी करत होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याच भागात पुन्हा मोजणी झाली, तेव्हा निम्म्याहून कमी उरल्या होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत ती वसाहत जवळजवळ रिकामी झाली. जुना आकडा हाताशी होता म्हणून गावोगावची कुजबुज पुरावा म्हणून उभी राहिली. मग शोध सुरू झाला, गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधापर्यंत तो पोचला आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशभरात ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती.

या गोष्टीत मला दोन गोष्टी अस्वस्थ करतात. एक, पहिली मोजणी संकटाच्या आधी झाली होती, कुणी मागितली नसताना. संकट दिसल्यावर मोजायला बसलं, तर तुलना करायला मागचं काही हातात नसतं. दुसरी, अशी मोजणी देशात आणखी काही ठिकाणी सलग चालू असती, तर घसरण कितीतरी आधी ध्यानात आली असती. त्र्यंबक, पेठ, हरसूलच्या पट्ट्यातली म्हातारी माणसं गावाबाहेर मेलेल्या बैलावर उतरणाऱ्या गिधाडांच्या झुंडी आठवून सांगतात. त्यांच्या आठवणीवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आठवणीतून औषधाच्या कंपनीला किंवा मंत्रालयाला जाब विचारता येत नाही.

बाहेरची उदाहरणंही हेच सांगतात. जर्मनीत क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटकप्रेमींच्या संस्थेनं १९८९ ते २०१६ अशी २७ वर्षं संरक्षित क्षेत्रांत एकाच प्रकारचे सापळे लावून उडते कीटक गोळा केले आणि वजन केलं. ते वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं होतं. जगभर कीटकांच्या ऱ्हासावर आज जी चर्चा चालते, तिला धार आली ती या हौशी लोकांच्या चिकाटीमुळे. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात १९६३ पासून पावसाचं पाणी तपासलं जातं. आम्लपावसाचा प्रश्न तिथूनच अमेरिकेपुढे आला. तिथले शास्त्रज्ञ जीन लाइकन्स यांनी दाखवून दिलं, की पावसाची आम्लता खरोखर घटते आहे असं ठामपणे म्हणायला १८ वर्षांची सलग नोंद लागली. मधलीच चार-पाच वर्षं उचलली, तर कधी आम्लता वाढतेय असं दिसायचं, कधी घटतेय असं. आपल्याकडे बहुतेक अभ्यास तीन वर्षांचे असतात, हे लक्षात घेऊन हा मुद्दा वाचावा.

आता एका जागेवर भागत नाही का, जाळं कशाला, असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर नाशिकच्या नकाशातच आहे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, येवला-नांदगावात पाचशेच्या आसपास. दीडशे किलोमीटरच्या आत एवढा फरक. पेठ-सुरगाण्याच्या नद्या पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरतात, ब्रह्मगिरीचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं, गिरणा-मोसमचं तापीला मिळतं. घाटमाथ्याचं सदाहरित रान, अंजनेरीचं पठार, द्राक्षाचा पट्टा, पाणथळ, ममदापूरचा काळविटांचा माळ, साल्हेरचे कडे, हे सगळं एका जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत येतं. समजा इगतपुरीकडच्या ओढ्यांतले बेडूक कमी झाले. शेजारच्या खडी क्रशरमुळे झाले, की पाऊस उशिरा येऊ लागल्यामुळे? क्रशर नसलेल्या दुसऱ्या ओढ्यावर, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीनं कुणीतरी मोजत असेल तरच हे सांगता येईल. मोहाचा बहर सुरगाण्यातच पुढंमागं होतोय की बागलाणातही, हेही तसंच. एका जागेची नोंद बदल दाखवते. कारणापर्यंत जायला दुसरी, तिसरी जागा लागते.

आणि या जागा फक्त जंगलातच असाव्यात, हे मला मान्य नाही. जिल्ह्याचा मोठा भाग शेताखाली आहे. निदान एक जागा द्राक्षबागेत, एक कांद्याच्या शिवारात, एक शहराच्या खाली गोदावरीच्या पात्रात असलीच पाहिजे. निर्यातीच्या द्राक्षबागेची प्लॉटवार नोंदणी होते, माल जाण्याआधी त्यातल्या औषधांचा अंश तपासला जातो, आणि शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट व्यवस्थेत ते सगळं नोंदवलं जातं. युरोपातल्या गिऱ्हाईकासाठी आपल्या शेतकऱ्यानं ही शिस्त अंगी बाणवली, ही मोठीच गोष्ट आहे. त्याच बागेच्या बांधावर ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत किती जातीचे कीटक येतात, मातीत गांडुळं किती, बांधावरच्या बाभळीवर सुगरणीची घरटी किती, एवढं दरवर्षी नोंदवायला त्या शिस्तीत थोडीच भर घालावी लागेल. भुरी आणि डाऊनी या रोगांवरच्या फवारण्यांचं वेळापत्रक शेतकऱ्याच्या वहीत आधीपासून असतंच. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, तर पंधरा वर्षांनी त्या शेतकऱ्याच्या मुलाला जे कळेल, ते आज कुठलाही कृषी सल्लागार सांगू शकत नाही.

मोजणं म्हणजे नेमकं काय, हे थोडं जवळून बघू. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूनं धुकं विरळ झाल्यावर पाण्यावर काळा पट्टा दिसतो. ते वारकरी नावाचे काळे पाणपक्षी असतात, हजारांनी. एकेक मोजणं अशक्य. दुर्बिणीतून आधी शंभर पक्षी नीट मोजायचे, शंभरांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवायचं आणि तेवढे तुकडे पट्ट्यावर सरकवत न्यायचे. निम्म्यावर आलं की वरून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरटी घालतो, सगळा थवा पाणी तुडवत पलीकडे जातो, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शेजारी दुसरा माणूस स्वतंत्रपणे मोजत असतो. दोघांच्या आकड्यांत किती तफावत, तेही लिहायचं असतं.

इथं एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. हा बंधारा कालव्यांसाठी आहे. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्यात पाणी सोडलं, की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो, शेकाटे आणि तुतारी हे चिखलात चरणारे पक्षी गोळा होतात, बुडी मारणारी बदकं दुसरीकडे सरकतात. वरून जलपर्णी वाहत आली असेल तर पाणीच दिसत नाही. म्हणजे त्या दिवशीची पाण्याची पातळी, आवर्तनाची तारीख, जलपर्णीचा पसारा हे सोबत लिहिलं नसेल, तर यंदा पाच हजार आणि पुढच्या वर्षी दोन हजार या आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही. एका वर्षी मनोऱ्यावरून मोजलं आणि दुसऱ्या वर्षी बांधावरून चालत, तरीही तेच. म्हणून सणासारखी साजरी होणारी एक दिवसाची पक्षिगणना चांगली असली तरी पुरेशी नाही. वर्षभर, दर पंधरवड्याला, त्याच ठिकाणांवरून तेच काम करणारी पगारी माणसं हवीत.

झाडांचंही असंच. तामिळनाडूतल्या मुदुमलाईत भारतीय विज्ञान संस्थेच्या रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ५० हेक्टरचा एक प्लॉट आखला. एक सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक झाडाला क्रमांक दिला, तेव्हा ती २५ हजारांहून जास्त भरली. कोणतं मेलं, कोणतं नव्यानं आलं, हे तिथं अजून बघितलं जातं. त्यातून कळलं, की काही जातींची झाडं हत्तींच्या खाण्यानं झपाट्यानं कमी होतात, वणव्याच्या वर्षी लहान खोडं मोठ्या संख्येनं जातात, आणि तरी मोठी झाडं टिकून असल्यानं लांबून जंगल तसंच दिसतं. आपण मात्र रस्त्यावरून जाताना हिरवं दिसलं की जंगल ठीक आहे असं मानतो. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. लावलेल्या रोपांचे आकडे दररोज जाहीर होत होते. ती जगली का, हे ठरावीक जागी वर्षानुवर्षं तपासण्याची सोय त्याच मोहिमेत, त्याच पैशातून केली असती, तर कुठल्या जमिनीत काय लावावं याचं आज राज्याला केवढं ज्ञान मिळालं असतं.

लोक जैवविविधता नोंदवहीचं दुखणं मला याहून मोठं वाटतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि तिची नोंदवही आली. माधव गाडगीळांसारख्या माणसांनी ही कल्पना रुजवली ती गावानं आपली सृष्टी स्वतः ओळखावी म्हणून. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मुदत जवळ आल्यावर घाईघाईनं वह्या भरल्या गेल्या आणि कपाटात ठेवल्या गेल्या. नोंदवही एकदा भरून संपत नाही. तीच वही दरवर्षी उघडली, करटोली कधी आली, ओढा कधी आटला, मोहाला बहर कधी धरला हे लिहिलं, तर कायद्यानं दिलेली ही यंत्रणाच जिल्ह्याच्या जाळ्याचा पाया होऊ शकते. नवी यंत्रणा उभारायची गरजच नाही.

यातून रोजच्या भांडणांतही फरक पडेल. अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प आहे, २००६ मध्ये शास्त्राला नव्यानं कळलेलं आणि त्या डोंगराचंच नाव मिळालेलं. पावसाळ्यात जमिनीतल्या कंदातून वर येतं, फुलतं, आणि पुन्हा जमिनीत जातं. आणि आपल्याकडे पर्यावरणीय आघात मूल्यांकनासाठी बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. अशा डोंगरावर पावसाळा सोडून माहिती गोळा केली, तर तिथं काहीच नाही असा अहवाल अगदी प्रामाणिकपणे लिहिता येईल. अंजनेरी गडावर रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, आणि सिंहस्थासाठी नाशिकच्या तपोवनातल्या झाडांचा प्रश्न पेटला तेव्हाही, लोक तळमळीनं उभे राहिले. मी त्यांच्या बाजूनं आहे. पण दर वेळी आंदोलनाच्या धामधुमीत, पंधरा दिवसांत, पुरावे गोळा करायला धावावं लागतं. तपोवनात कुठल्या झाडावर कोण राहतं, कुठल्या महिन्यात काय फुलतं, याची वीस वर्षांची नोंद असती, तर चर्चा झाडांच्या संख्येपुरती राहिली नसती.

उपग्रह आहेत, मोबाइल ॲप आहेत, मग माणसं कशाला, असं विचारणारे भेटतात. ॲपवरच्या नोंदींमुळे खूप मोठं काम झालं आहे. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. पण हौशी माणूस जिथं पक्षी आहेत तिथं जातो. नापीक माळावर, कारखान्यामागच्या नाल्यावर, भर मे महिन्यात दुपारी कुणी जात नाही, आणि बदल बऱ्याचदा तिथंच सुरू होतो. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, त्या हिरव्यात घाणेरी किती आणि करवंद किती, हे दिसत नाही. इवलंसं कंदीलपुष्प तर नाहीच.

पैशांचा प्रश्न खरा आहे, तरी तो मोठ्या रकमेचा नाही, खंड न पडण्याचा आहे. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. जगाला हवामानबदल दाखवणाऱ्या त्या आलेखातही १९६४ मध्ये काही महिन्यांची मोकळी जागा आहे, कारण पैसे कमी केले गेले होते. ती जागा आता कधीच भरता येणार नाही. आपल्याकडे अधिकारी तीन वर्षांत बदलतो, शिष्यवृत्ती संपली की संशोधक जातो, यंत्र बिघडलं की दुरुस्तीला लेखाशीर्ष सापडत नाही. म्हणून जिल्हा वार्षिक योजनेत या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवं, छोटंच पण कायमचं. सिंहस्थाच्या निमित्तानं हजारो कोटींची कामं निघत असताना त्यातला अगदी लहान हिस्सा यासाठी बाजूला काढता येईल.

माणसंही इथलीच हवीत. कोकणा, महादेव कोळी, वारली गावांतली जी पोरं झाड पानावरून आणि पक्षी आवाजावरून ओळखतात, त्यांना संशोधकांच्या मागं सामान वाहायला बोलावलं जातं. हे थांबलं पाहिजे. नोंदकर्ता म्हणून नेमणूक, नियमित पगार आणि अहवालावर नाव, हा त्यांचा हक्क आहे. शहरातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांनी एकेक जागा दत्तक घ्यावी, आश्रमशाळांनी आवारातल्या झाडांचा बहर लिहावा. नद्यांचं पाणी मोजण्याचा अनुभव असलेली मेरीसारखी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्था नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरच आहे. पद्धत ठरवायला आणि नवख्यांना शिकवायला बाहेरून माणसं आणायची गरज मला तरी फारशी दिसत नाही.

नोंदी सगळ्यांना खुल्या असाव्यात. कंदीलपुष्पासारख्या, चोरून नेल्या जाणाऱ्या जातींच्या नेमक्या जागा तेवढ्या गुप्त ठेवाव्यात. बाकी सगळं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं, म्हणजे गावातलं कुणीतरी उठून 'ओढा नोव्हेंबरात नाही, दिवाळीच्या आधीच आटला होता' असं सांगेल आणि वही दुरुस्त होईल.

या सगळ्याच्या आधी एक काम मात्र तातडीनं व्हावं. नाशिक, निफाड, मालेगावातल्या जुन्या पक्षिमित्रांच्या, निवृत्त वनरक्षकांच्या, महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांच्या घरी डायऱ्या आहेत. तारखा, ठिकाणं, आकडे, कधी नुसतं 'आज क्रौंच दिसले' एवढंच. त्यातल्या काही वाळवीला लागल्या असतील, काही घर बदलताना रद्दीत गेल्या असतील. त्या शोधून, त्यांचे फोटो काढून, एका ठिकाणी जपून ठेवायला कुठल्याही मंजुरीची वाट पाहायची गरज नाही. एखाद्या महाविद्यालयानं येत्या सुट्टीत विद्यार्थ्यांच्या चार गटांना गावं वाटून दिली, तरी हे काम सुरू होईल.